अद्दलीचा ओटा

आमच्या घरापुढे काळ्या दगडाचा ओटा आहे. सांधे चुन्याने भरलेले, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. तो बांधला तेव्हा कडावपासून दहिवलीपर्यंत आमच्यासारख्या शेतकऱ्याच्या दारात असा ओटा नव्हता. ओटा असतो बसण्यासाठी. कोणी तंबाखू मळतो, कोणी भाताची पेंढी टेकवून दम खातो, बायका तिन्हीसांजेला पाय खाली सोडून बोलतात. आमच्या ओट्यावर कोणी बसत नाही. पावसाची सर आली तरी वाटेवरचा माणूस समोरच्या गळक्या पडवीत जाऊन उभा राहतो आणि तिथून आमच्या कोरड्या दगडाकडे बघतो.

हा ओटा मी एका बोंबेच्या पैशांतून बांधला. कोर्टाने ते पैसे मला दिले, रीतसर, पावती करून. त्यात लबाडी नव्हती. लबाडी असती तर निदान कोणापुढे तरी कबूल करून मोकळा झालो असतो.

मी आमच्या भाऊबंदांतला पहिला शिकलेला. मराठी शाळा संपवून खालापूरला महालकरी कचेरीत कारकून झालो तेव्हा गावाने वाजतगाजत वेशीपर्यंत सोडलं होतं. वडील लवकर गेलेले. आई घरी एकटी. आमची भातखाचरं मी अर्धेलीने लावून दिली होती आणि कसणाऱ्याला सांगून ठेवलं होतं की आमच्या वाट्यातून आईला दर महिन्याला ठरलेला तांदूळ द्यायचा, बाकीचा कर्जतच्या व्यापाऱ्याकडे घालायचा. एकट्या बाईला किती लागतो, तो अंदाज मी खालापुरात बसून केला होता. आईने कधी जास्त मागितला नाही, म्हणून पुरतो असं मी धरून चाललो. लाकूडफाटा शेजारचा आणून टाकायचा. त्याची बायको अधूनमधून सुपातून काहीतरी झाकून आईकडे नेते, हे मी सुटीवर आलो की बघायचो. शेजारधर्म आहे, असं मनात म्हणायचो.

हा शेजारी माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठा. त्याच्याकडे दोन तट्टं होती, एक पांढुरकी घोडी आणि एक तांबडा. हंगामात तो ती नेरळला घेऊन जायचा आणि माथेरानला चढणारे साहेब, मडमा, पारशी यांना भाड्याने द्यायचा. परत आला की मडम घोडीवर कशी बसते आणि उतारावर देवाला कशी हाक मारते, ते अंगणात करून दाखवायचा. आणि शिमग्यात पहिल्या बोंबेचा मान त्याच्या घराण्याचा होता.

आमच्याकडच्या शिमग्याची रीत सांगायला हवी. वर्षभर ज्याच्याविषयी जे मनात साचलं असेल ते होळीपुढे उभं राहून, चालीत बांधून, ओरडून सांगायचं. ज्याच्यावर बोंब मारली त्याने हसायचं, नाहीतर उलटी बोंब मारायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी एकमेकांना होळीची राख लावायची. राख लागली की विषय संपला. नंतर जो कोणी तो विषय काढील, त्याला गावकीने नारळाचा दंड करायचा. तो नारळ देवळापुढे फोडून खोबरं सगळ्यांना वाटायचं. ज्याला दुखावलं त्याला तेवढाच तुकडा, ज्याने दुखावलं त्यालाही तेवढाच. दंड खाऊन संपून जायचा. कोणाच्या घरी काही जायचं नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं. मी ह्याच गावात वाढलो होतो.

त्या साली मी अंगात नवा कोट घालून शिमग्याला आलो. बरोबर कचेरीतला पट्टेवाला होता. त्याची बहीण दहिवलीत दिलेली, म्हणून तोही निघाला होता आणि आमची होळी बघायला थांबला. होळी पेटली. शेजारी पुढे झाला, धोतराचा सोगा खोचला, सगळ्यांवरून नजर फिरवत माझ्यावर आणून ठेवली.

"लेक कारकून झाला गं,
दोन मापं शिकला गं,
सरकारला पायली,
आन् आयेला मूठ गं!"

'आयेला'वर त्याचा आवाज उंच चढला आणि 'मूठ'वर एकदम खाली आला, जणू मूठ रिकामी झाली. मग अख्ख्या गावाचा हात तोंडावर गेला.

मी बायकांच्या घोळक्याकडे पाहिलं. आई पदर तोंडाशी धरून हसत होती. तिचे खांदे हलत होते. माझ्या बाजूला पट्टेवालाही हसत होता.

"आता दे रं उलटी!" शेजारी ओरडला. "येवढा शिकलायस, का कोटात आवाज आडकला?"

मी वळलो आणि घरात जाऊन बसलो.

सकाळी तो ओंजळीत राख घेऊन दारात आला. "चल रं, डोकं पुढं कर. माजं बी काळं कर हवं तेवढं, वर्षाचं हाय."

"अंगाला हात लावू नकोस," मी म्हणालो.

त्याला ती थट्टा वाटली. "आरं, मडम परवडली! शिमगा हाय, बाबा."

आतून आई म्हणाली, "लावून घे, बाळा. रातचं राखंत गेलं."

मी दार लोटलं. फटीतून राख उंबऱ्यावर सांडलेली दिसली. ती आईनेच मागून झाडली.

कचेरीत माझ्या आधी पट्टेवाल्याने गोष्ट नेऊन पोहोचवली होती. तिथे राख नव्हती, म्हणून ती संपेना. एक जुना कारकून दौत पुढे करून म्हणायचा, "पायलीभर देऊ का मूठभर?" मी आत आलो की कोणीतरी हात तोंडापर्यंत नेऊन मिशी कुरवाळायचा. महालकऱ्यांनी मला एक शब्द विचारला नाही. पण ते विचारत नाहीत, याचाच मी अर्थ लावत बसायचो.

मी पनवेलला जाऊन वकील गाठला.

"नोकरी गेली?" त्याने विचारलं.

"नाही."

"बढती अडली?"

"नाही."

"घरात कोणाची सोयरीक मोडली?"

"नाही."

"मग नुकसान काय दाखवू, तुमचं तोंड?" त्याने सुपारी गालात सरकवली. "एक वाट आहे. झालेलं नुकसान भरून देणं ही भरपाई. तिच्या वर आणखी रक्कम मागता येते, अद्दल म्हणून. द्वेषाने, चारचौघांत, सरकारी नोकराचा अपमान. तिथे आपला तोटा मोजत नाहीत, समोरच्याचा माज मोजतात."

ते शब्द ऐकून मला बरं वाटलं, हे खरं आहे. परत येताना चौक गावाच्या पुढे गाडी थांबवून मी पोटभर जेवलो. शिमग्यापासून नीट जेवलो नव्हतो.

समन्स गावात आलं तेव्हा आईने निरोप पाठवून मला बोलावून घेतलं. चुलीपाशी बसून, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "मी हासले ती तुला नाय हासले. त्येलाबी नाय. कुनीतरी येकदाचं बोललं, म्हून हासले."

यातला प्रत्येक शब्द मला तेव्हा ऐकू आला होता. मी उत्तर दिलं, "कोर्टात गेलेली गोष्ट आता मागे घेता येत नाही." तेही खरं नव्हतं. मागे घेता येत होती.

कोर्टात गाव लोटलं होतं. गावाने वर्गणी काढून त्याला वकील दिला होता, एक थकलेला, खोकणारा गृहस्थ. मुनसफांनी शेजाऱ्याला विचारलं, काय बोललास ते सांग.

"हितं नाय सांगता येत, रावसाहेब."

"का?"

"होळी नाय हितं."

मागे लोक हसले. मुनसफांनी टेबलावर हात आपटला आणि म्हणाले, शब्द तेवढे सांग, ओरडू नकोस. मग त्याने खाली मान घालून ते शब्द सांगितले. चाल नाही, 'गं' नाही, आवाज वर नाही की खाली नाही. वादी सरकारला पायलीने मोजतो आणि आईला मुठीने मोजतो. कारकुनाने ते तसंच उतरून घेतलं. होळीपुढे ती बोंब होती. इथे तो आरोप झाला. मला ते स्पष्ट जाणवलं आणि मी सुखावलो.

माझा वकील जोरात बोलला. समोरच्या खोकणाऱ्या वकिलाने उठून एवढंच मांडलं, की अद्दल घडवणं हे फौजदारीचं काम आहे. दिवाणी कोर्टाने गेलं तेवढं भरून द्यावं. आणि वर काही द्यायचंच झालं, तर त्याला माप हवं. झालेल्या नुकसानीच्या दुप्पट म्हणा, तिप्पट म्हणा, पण कुठेतरी रेघ हवी. "नाहीतर, रावसाहेब, शिक्षा होणार माझ्या अशिलाला आणि कमाई होणार वादीची. शिक्षेवर कोणी कमाई करावी का?"

माझा वकील हसत उठला. "रेघ आधीच आखून ठेवली, तर पैसेवाला माणूस हिशोब करून अपमान करील. एक शिवी एवढ्याला, दोन शिव्या तेवढ्याला. मग ती अद्दल कसली, तो बाजारभाव झाला."

मुनसफांनी मान डोलावली. त्यांना ते म्हणणं पटलं. पुढे नोकरीत मी कितीतरी वकिलांना ह्याच मुद्द्यावर कचेरीच्या पडवीत तंडताना ऐकलं आणि दर वेळी मला दोन्ही बाजू बरोबर वाटल्या. माझ्या वकिलाच्या बोलण्यात खोट नव्हती. फक्त समोर पैसेवाला माणूस नव्हता. समोर दोन तट्टांचा माणूस होता, आणि ते तिथे कोणीच बोललं नाही.

निकालात भरपाई नावापुरती होती. अद्दलीची रक्कम मात्र दोन्ही तट्टं आणि घरातली भांडी मिळून होईल एवढी.

जप्तीला मी गेलो नाही. आईने सांगितलं तेवढंच मला ठाऊक आहे. बेलीफ घोडीचं दावं सोडू लागला तेव्हा आई आपली नथ घेऊन शेजाऱ्याच्या अंगणात गेली. त्याने ती तिच्या मुठीत परत दाबली. म्हणाला, "काकी, मूठ मिटलेली असू द्या. उघडून रिकामी झाली तर मी खरा ठरंन." आणि सगळ्यांदेखत तो हसला. आई म्हणाली, तेव्हा दुसरं कोणी हसलं नाही. गावात त्याच्या बोलण्यावर कोणी न हसण्याची ती पहिली वेळ.

घोडी कर्जतच्या एका भाडेवाल्याने घेतली. काही दिवसांनी ती दावं तोडून एका पहाटे गावात आली आणि तिच्या मोकळ्या ठाणात जाऊन उभी राहिली. त्या दिवशी मी घरी होतो. भिंतीपलीकडे तिचं फुरफुरणं ऐकू आलं, मग शेजाऱ्याचा आवाज, अगदी हळू, "जा गं, जा. आता हितली नाय तू." भाडेवाल्याचा माणूस येईपर्यंत तो तिला हेच सांगत होता. अजूनही कधी पहाटे जाग येते ती त्या फुरफुरण्याने. पलीकडे ठाण राहिलेलं नाही, तिथे आता काकडीचा मांडव असतो.

तो माथेरानला गेला. तट्टाची जागा त्याने स्वतः घेतली, म्हणजे साहेबांच्या पेट्या डोक्यावरून चढवू लागला, पुढे हातरिक्षा ओढू लागला. घरच्यांना पैसे पाठवायचा. पावसाळ्यात डोंगर रिकामा झाला की खाली यायचा. वाटेत भेटला की बाजूला होऊन म्हणायचा, "तुमी व्हा पुढं." आधी तो मला 'रं' म्हणायचा.

रक्कम हातात आली तेव्हा मला ती खर्च करवेना आणि ठेववेना. शेवटी ओटा बांधला. अब्रूच्या पैशांनी अब्रू दिसावी, असा विचार केला होता. गवंड्याने शेवटचा दगड बसवला, त्या दिवशी मी गूळ-खोबरं वाटायला काढलं. गवंडी सोडून कोणी ते घेतलं नाही. ह्या ओट्याला गावात अद्दलीचा ओटा म्हणतात, हे मला फार उशिरा, लग्नानंतर बायकोकडून कळलं. माझ्या तोंडावर ते नाव घ्यायची कोणाची छाती नव्हती. कोण जाणे, त्याचाही दावा झाला तर.

पुढच्या शिमग्याला पोरं लाकडं गोळा करत आली. प्रत्येक घरापुढे गोंधळ घालत, शिव्या देत आली आणि आमच्या दारापाशी गप्प झाली. मी फाटी बाहेर ठेवली होती. ती त्यांनी नमस्कार करून उचलली आणि पुढच्या घरी पोहोचल्यावर पुन्हा ओरडायला लागली. होळीपुढे मी उभा राहिलो की बोंबा बंद पडायच्या. लोक देवाधर्माचं बोलायचे, पिकापाण्याचं बोलायचे. मी घरी निघालो आणि शंभर पावलं गेलो की मागे आवाज सुरू व्हायचा. ते काय ओरडतात, हे ऐकायला मी अंधारात थांबायचो. माझं नाव त्यात कधीच नसायचं.

आईला मी नंतर पोत्याने तांदूळ पाठवू लागलो. ती तो शेजारच्या घरी द्यायची. स्वतःसाठी तेवढाच ठेवायची, जेवढा मी पूर्वी ठरवला होता. मी रागावलो तर म्हणाली, "सवय झाली." काही वर्षांनी ती गेली. निरोप न पाठवता तो माथेरानहून उतरला, खांदा दिला, नदीवर लाकडं रचली. अग्नी द्यायच्या वेळी मी दोन पावलं अलीकडेच थांबलो. तो मागून हळू म्हणाला, "तुमी पुढं व्हा. काकी थांबलीय." एवढंच.

माझी बदली कर्जतला झाली आणि मी घरी राहू लागलो. मुलं मोठी झाली. माझ्या मुलांवरही गावात कोणी कधी बोंब मारली नाही. धाकट्याने एकदा मला विचारलं, "आपण काही करतच नाही का, बाबा?" मी त्याला अभ्यासाला बसवलं.

गेल्या शिमग्याची गोष्ट. नेरळवरून माथेरानला आता रूळ टाकताहेत. ओझ्याच्या माणसांना त्या कामावर घेतात, पण म्हाताऱ्यांना नाही. शेजारी कायमचा घरी आला होता. पाठीत वाकलेला. होळीच्या रात्री तो आला आणि सगळ्यांच्या मागे बसला. पहिली बोंब त्याच्या मुलाने मारली, कोणा व्यापाऱ्यावर.

धुळवडीच्या सकाळी मी नारळ घेतला आणि राखेपाशी गेलो. सगळे तिथेच होते. मी नारळ त्याच्या पायाशी ठेवला आणि म्हणालो, "ती बोंब पुन्हा मार. माझ्यावर, सगळ्यांसमोर."

त्याने नारळाकडे पाहिलं, उचलला नाही.

"माज्याकडं कुठं हाय ती?" तो म्हणाला. "कोर्टानं मोल केलं, मी भरलं, तुमी घेतलं. तुमची झाली ती. तुमीच मारा."

त्यात राग नव्हता. एखाद्याची वस्तू कुठे आहे ते सांगावं, तसं सांगितलं.

मी मागे फिरलो. लोकांना वाटलं, घरी चाललो. मी ओट्यावर चढलो, बांधल्यापासून पहिल्यांदा त्यावर उभा राहिलो, हात तोंडाशी नेला आणि ओरडलो. लेक कारकून झाला गं, दोन मापं शिकला गं. आवाज फाटला. सरकारला पायली, असं म्हणेपर्यंत माझा घसा बसला, आणि शेवटची ओळ मी जवळजवळ बोललो. कोर्टात त्याने सांगितली होती तशी.

समोर अख्खं गाव होतं. कोणाचा हात तोंडाकडे गेला नाही. कोणी हसलं नाही. एक बाई पदराने डोळे पुसत होती, आणि ते मला नको होतं.

तो काठी टेकत ओट्यापर्यंत आला. मूठ राखेने भरलेली होती. मी खाली उतरून डोकं पुढे केलं. राख पडली नाही. मान वर करून पाहिलं तर तो आपली मूठ बघत होता. मग त्याने ती हळूहळू उघडली आणि राख ओट्याच्या कडेवर सोडली.

"चाल चुकली रं," तो म्हणाला. "आयेला वर चढायचं असतं. तू खालीच ऱ्हायलास."

एवढं बोलून तो काठी टेकत घरी गेला. नारळ दिवसभर राखेपाशी पडून होता, संध्याकाळी मीच आणला. तो अजून फोडलेला नाही.

पावसाळ्यात तो वारला. कोर्टाने रेघ आखायला हवी होती की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. मागे वळून बघतो तेव्हा मला एवढंच कळतं, की रेघ माझ्या दारात होती, राखेची, आणि ती आईने झाडली कारण मी दार उघडलं नाही.

शिमगा आता जवळ आला आहे. संध्याकाळी शेतावर कोणी नसतं तेव्हा मी बांधावर जाऊन म्हणून बघतो. आयेला. वर चढत नाही.